पाणी पोचवायचे कबूल, चालवायचे कोणी? जतच्या ६५ गावांचे प्रकरण

सांगली जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे आटत जातो. शिराळ्याच्या चांदोली भागात छत्री मोडेल इतका पडतो, मिरजेपर्यंत येताना बेताचा होतो आणि जतच्या पूर्व भागात, संख-उमदी-तिकोंडीकडे, आला तर आला. क्षेत्रफळाने जत हा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. पूर्व भागातली बरीच गावे घरात कानडी बोलतात, बाजाराला कर्नाटकातल्या विजयपूरला जातात आणि दिवाळीनंतर निम्मी घरे कुलपात असतात, कारण माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. कृष्णेचे पाणी न पोचलेली ६५ गावे म्हणून सरकारी कागदात ज्यांची नोंद आहे, ती ही गावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमावादामुळे या गावांची नावे महाराष्ट्रभर पोचली, आणि दोनच महिन्यांत त्यांच्यासाठी कृष्णेचे पाणी उचलून आणणारी सुमारे दोन हजार कोटींची 'विस्तारित म्हैसाळ' योजना मार्गी लागली. राज्याच्या विकासाचे अग्रक्रम प्रत्यक्षात कसे ठरतात हे पाहायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. पण माझा मुद्दा मंजुरीच्या पुढचा आहे. उपसा सिंचनाला, म्हणजे नदीचे पाणी पंपांनी वर चढवून शेतात न्यायला, दोन पाकिटे लागतात, एक बांधायचे आणि एक चालवायचे. विधिमंडळात भांडणे होतात ती पहिल्या पाकिटावर. शेतात पाणी येणे मात्र दुसऱ्यावर अवलंबून असते.

म्हैसाळची आधीची चाळीस वर्षे

बच्छावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णेच्या पाण्याचा अंतिम निवाडा दिला. ७५ टक्के विश्वासार्हतेच्या, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळेल अशा, २,०६० टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. निवाड्याच्या फेरविचाराची तारीख होती ३१ मे २०००. तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडवून वापरात आणले नाही तर पुढच्या वाटपात दावा लंगडा पडेल, ही भीती ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकातल्या सगळ्या सिंचन राजकारणामागे होती.

ताकारी-म्हैसाळ योजना मंजूर झाली १९८४ मध्ये. दिल्लीच्या कागदांवर तिचे नाव कृष्णा-कोयना उपसा सिंचन. म्हैसाळला कृष्णेवर बंधारा, तिथून नरवाडकडे पहिली उचल, मग एकेक टप्पा चढत मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, तासगावचा काही भाग आणि शेवटी जत. मंजुरी मिळाली, पण पैसा दरवर्षी चमचाभर मिळे. पंपगृहाच्या भिंती उभ्या आणि पंप नाहीत, कालवा खोदलेला आणि त्यात बाभळी वाढलेल्या, अशी दृश्ये मिरज पूर्व भागातल्या पन्नाशीच्या माणसाला आजही आठवतात.

१९९६ मध्ये युती सरकारच्या काळात महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाचा कायदा झाला. अर्थसंकल्पातून पैसा पुरत नाही म्हणून महामंडळाने सरकारच्या हमीवर बाजारात रोखे विकून पैसा उभा करायचा आणि २००० च्या आत कामे उरकायची, अशी ती कल्पना. ग्रामीण पायाभूत सुविधांसाठी विधिमंडळाने घेतलेला हा धाडसी निर्णय होता, हे मान्य करायलाच हवे. टेंभू योजनाही याच धामधुमीत पुढे आली. पैसा आला, कामांना वेग आला, पण खोऱ्यात एकाच वेळी इतकी कामे काढली गेली की कुठलेच पुरे होईना. रोख्यांवरचे व्याज मात्र वेळच्या वेळी डोक्यावर बसले. २००० उलटले आणि कामे पुन्हा रेंगाळली. जत तर शेवटच्या टप्प्यावर होते, आणि त्याचा पूर्व भाग मूळ योजनेच्या लाभक्षेत्रातच नव्हता.

आटपाडीत याच नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा सुरू केल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न एकत्र मांडायचा आणि पाणी 'समन्यायी' वाटायचे, ही त्यांची मागणी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर ही मंडळी त्यात होती. त्या चळवळीने टेंभूचे पाणी आटपाडीत आणण्याचा रेटा धरून ठेवला. पूर्व जतला तसा सलग रेटा मिळाला नाही. भाषा वेगळी, जिल्ह्याचे ठिकाण लांब, आणि आमदार कोणत्याही पक्षाचा असला तरी तालुक्याच्या या टोकाला मतांचे गणित पुरेसे जड नाही.

सरासरीच्या आडोशाला

जतचा नंबर का लागला नाही याचे एक कारण राजकीय आहे, तसे एक हिशेबी आहे, आणि त्याकडे सहसा कोणी बघत नाही.

१९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. तिने अनुशेष मोजला तो जिल्हा हे एकक धरून: राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे, तेवढा त्याचा अनुशेष. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे आली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली. सिंचनाच्या पैशाचे वाटप राज्यपालांच्या निर्देशांनुसार होऊ लागले. विदर्भ-मराठवाड्याच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. तिथला अनुशेष खरा होता, आहे.

पण या चौकटीत जत कुठे बसते? जत 'उर्वरित महाराष्ट्रा'त. म्हणजे पुणे, कोल्हापूर, साताऱ्याच्या पंगतीला. जिल्हा सांगली, म्हणजे वाळवा आणि पलूसच्या उसाच्या पंगतीला. वाळव्याची बागायत आणि जतची कुसळे यांची सरासरी काढली की जिल्हा ठीकठाक दिसतो. कृष्णा खोऱ्याच्या योजनांना पैसे का नाहीत असे विचारले की सांगलीचे पुढारी वर्षानुवर्षे राज्यपालांच्या निर्देशांकडे बोट दाखवत. त्यात तथ्य होते, आणि सोयही होती. कारण जो काही पैसा खोऱ्याला मिळे, त्यातला किती तालुक्याच्या वरच्या अंगाला आणि किती टोकाला, हे राज्यपाल ठरवत नव्हते.

समतोल प्रादेशिक विकासाचा विचार करणाऱ्या विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. तिने पाण्याच्या बाबतीत तालुक्यापर्यंत खाली उतरून विचार करायची दिशा दाखवली. अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, त्यावर भाषणे झाली, आणि भिजत घोंगडे तसेच राहिले. वैधानिक मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. म्हणजे जुने माप गेले आणि तालुक्याचे नवे माप आलेच नाही. जी गावे सरासरीत दिसत नाहीत, त्यांना दिसण्यासाठी दुसरा काहीतरी मार्ग शोधावा लागतो.

सीमेवरून आलेला रेटा

तो मार्ग जतने २०१२ च्या दुष्काळातच शोधला होता. पाणी देणार नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, असे ठराव पूर्व भागातल्या गावांनी केले. उमदीच्या लोकांनी सांगलीपर्यंत पायी मोर्चा नेला. आश्वासने मिळाली, दुष्काळ सरला, ठराव फायलीत गेले.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तेच ठराव बाहेर काढले आणि जतच्या चाळीस गावांवर दावा सांगण्याची भाषा केली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ठराव २०१२ चा आहे, एकही गाव जाणार नाही, असे उत्तर दिले. ते खरेच होते. पण ठराव जुना असला तरी त्यातली तक्रार जुनी झाली नव्हती, आणि गावकऱ्यांनी ती लगेच पुढे केली. मंत्र्यांच्या गाड्या जतकडे धावल्या. कर्नाटकने त्यावर कडी केली: आपल्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी ओढ्याने सोडून दिले आणि ते तिकोंडीच्या तलावात येऊन भरले. चाळीस वर्षांत जे महाराष्ट्राला जमले नाही ते शेजाऱ्याने चार दिवसांत करून दाखवले, असे चित्र टीव्हीवर गेले. मुंबईत कोणाला त्याची किती मिरची झोंबली असेल याची कल्पना करता येते.

विस्तारित म्हैसाळची संकल्पना त्याआधीच तयार होती, आणि वाढीव ६ टीएमसी पाण्याचा विषय जयंत पाटील जलसंपदामंत्री असतानाच पुढे सरकला होता. अडले होते ते पैशाच्या मंजुरीवर. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सुमारे दोन हजार कोटींच्या कामाची घोषणा केली आणि २०२३ उजाडताना कागद हलले.

त्याच डिसेंबरात नागपूरचे हिवाळी अधिवेशन चालू होते. २७ डिसेंबर २०२२ ला दोन्ही सभागृहांनी एकमताने सीमाप्रश्नाचा ठराव केला: कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणू. ठराव व्हायला हवा होता, झाला. पण पलीकडच्या ८६५ गावांसाठी सभागृह एका सुरात बोलत असताना अलीकडच्या ६५ गावांना पाण्यासाठी पलीकडे जायची धमकी द्यावी लागली होती. एरवी याच गावांचा विषय लक्षवेधीच्या यादीत कुठेतरी तळाला असायचा. गरज २०१२ मध्येही तेवढीच होती, २०१५ मध्येही. बदलले ते एवढेच की गरजेला अस्मितेचा पाठिंबा मिळाला. यात जतच्या लोकांचा दोष नाही. त्यांच्या हातात दुसरे हत्यार नव्हते.

दुसरे पाकीट

आता चालवायच्या खर्चाकडे येऊ, कारण खरे प्रकरण इथे आहे.

एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर पाणी. ते १०० मीटर वर चढवायला, पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे १ कोटी १० लाख युनिट वीज लागते. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचे गणित आहे, त्यात सरकार बदलल्याने फरक पडत नाही. समजा, ६ टीएमसी पाणी २०० मीटर चढवायचे आहे. वीज लागेल १३ कोटी युनिट. पाच रुपये युनिट धरले तरी वर्षाला ६६ कोटी रुपये, दर वर्षी, योजना चालेल तितकी वर्षे. बांधकामाचा आकडा एकदाच वर्तमानपत्रात येतो. हा आकडा कायमचा खर्च आहे.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचे तत्त्व असे की पाणीपट्टीतून निदान चालवण्या-दुरुस्तीचा खर्च निघावा. प्रवाही कालव्याला ते कसेबसे जमते. उपशाला कसे जमणार? ताकारी-म्हैसाळवर काय होत असे ते जिल्ह्याने पाहिले आहे: आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, सुरू करायची वेळ आली की थकबाकी पुढे येई, महावितरण वीज तोडे, शेतकरी म्हणत पाणी आल्याशिवाय पट्टी कशी भरू, अधिकारी म्हणत पट्टी भरल्याशिवाय पाणी कसे सोडू. मग उन्हाळा कडक झाला की मोर्चा निघे, आणि टंचाई निधीतून बिल भरून पंप सुरू होत. पाणी यायचे ते द्राक्षबाग अर्धी वाळल्यावर.

२०१८ च्या सुमारास यातून जो तोडगा निघाला तो '८१-१९': उपशाच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकारने भरायचे, १९ टक्के शेतकऱ्याने. या निर्णयासाठी कोणी नारळ फोडला नाही, कोनशिला बसवली नाही. पण मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, खानापूर, आटपाडी भागात गेल्या काही वर्षांत आवर्तने नियमित होऊ लागली, ओढे-तलाव भरून मिळू लागले, गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्याला परमुलखात गेलेल्यांचे पैसे गावच्या शेतात गुंतू लागले, त्यात या एका निर्णयाचा वाटा कुठल्याही 'सुप्रमा'पेक्षा कमी नाही. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. सांगलीत हा शब्द आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ८१-१९ मात्र पाटकऱ्याला आणि साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला ठाऊक असते.

कारखान्याला का, तर १९ टक्क्यांची सोपी वसुली तिथेच होते. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचे ऊसबिल पाहिले तर सोसायटीचे कर्ज, मग इतर देणी, आणि त्याच रांगेत योजनेची पाणीपट्टी कापलेली दिसते. पैसे हातात येण्याआधीच वसूल. योजनेच्या दृष्टीने ऊस हे वसुलीची हमी असलेले पीक. ज्वारी-बाजरी-मटकीवाल्याच्या मागे मात्र कर्मचाऱ्याला दारोदार फिरावे लागते. त्यामुळे पाणी कोणाकडे झुकणार ते वेगळे सांगायला नको.

आणि इथे ८१-१९ ची गोम आहे. वरचेच गणित एकरावर आणू. गळती-बाष्पीभवन धरून हंगामी पिकांना वर्षाला एकरी २,००० घनमीटर आणि उसाला ८,००० घनमीटर पाणी धरू, उचल २०० मीटर. हंगामी एकराला वीज साधारण १,५५० युनिट, म्हणजे ७,७५० रुपये. त्यातले सरकारचे ६,३०० च्या आसपास. उसाच्या एकराला ६,२०० युनिट, ३१,००० रुपये, आणि सरकारचे २५,००० च्या वर. प्रत्यक्ष वसुली मीटरवर होत नाही, पीक आणि क्षेत्र पाहून ठरलेल्या दराने होते, पण विजेचे मीटर पिकाकडे पाहत नाही. जो जास्त पाणी घेतो त्याला सरकार जास्त देते. मर्यादाच नाही. आठमाही सिंचनाचे, म्हणजे वर्षातले आठच महिने पाणी देण्याचे, धोरण राज्याने केव्हाच स्वीकारले आहे. २००५ च्या कायद्यात बारमाही पिकांना ठिबक-तुषारशिवाय पाणी न देण्याचे कलमही आहे, फक्त ते लागू करणे अधिसूचनेवर सोडले आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. कायदा आहे, धोरण आहे, निर्णय आहे. शेतात पाटानेच पाणी चालले आहे.

टोकाच्या गावांसाठी याचा अर्थ सरळ आहे. विस्तारित योजनेचे पाणी म्हैसाळच्याच पंपांवरून वर येणार. वाटेत मिरज पूर्वचा ऊस आहे, कवठेमहांकाळची द्राक्षे आहेत. वरच्या शेतकऱ्याला पाणी स्वस्त आहे, मुबलक आहे, आणि ते कमी घ्यायला त्याला एकही कारण नाही. एखाद्या वर्षी सरकारचा ८१ टक्क्यांचा हप्ता उशिरा आला आणि पंपांचे तास कपातीत गेले, तर कपात कुठे जाणवेल? टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. टेल म्हणजे जत. आणि तिथला माणूस त्या वेळी कदाचित याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला मिरजेत आलेला असेल.

म्हणून माझ्या मते सांगलीच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एक गोष्ट मागून घ्यायला हवी. ८१ टक्के हा शासन निर्णयावरचा उपकार न राहता अर्थसंकल्पात उपसा योजनांच्या विजेसाठी स्वतंत्र, वर्षाच्या सुरुवातीलाच भरलेली तरतूद असावी. आणि ही सवलत एकरी ठरावीक घनमीटरपर्यंतच मिळावी, त्यापुढचे पाणी पूर्ण दराने. ज्याला ऊस लावायचा आहे त्याने लावावा, ठिबकवर लावावा किंवा पैसे मोजावेत. या मागणीला टाळ्या मिळणार नाहीत हे उघड आहे. जिल्ह्यातले बहुतेक पुढारी कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी बांधलेले आहेत.

सौरऊर्जेचा उपाय पुढे आला आहे. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून म्हैसाळसाठी सौर प्रकल्प घेतला जात आहे. बिल त्याने नक्की हलके होईल. पण सूर्य दिवसा आणि बारा महिने वीज देतो, तर आवर्तने ठरावीक महिन्यांत आणि रात्रंदिवस चालतात. मधला हिशेब महावितरणच्या जाळ्यातून, देवघेवीनेच मिटवावा लागतो, आणि त्या देवघेवीचे नियम बदलले की योजनेचे गणितही बदलते. शिवाय वीज स्वस्त झाली की पाणी आणखी बेफिकिरीने वापरले जाते, हा अनुभव विहिरीवरच्या मोटारींनी सगळ्या महाराष्ट्राला दिला आहे.

राहता राहिला तुबची-बबलेश्वरचा रस्ता. उन्हाळ्यात कर्नाटकची मागणी आली की महाराष्ट्र कोयना-वारणेतून त्यांना पाणी सोडतो, हे अनेक वर्षे चालू आहे. त्या बदल्यात कर्नाटकने तुबची-बबलेश्वरमधून तेवढेच पाणी पूर्व जतच्या तलावांत सोडावे, अशी मागणी जतमधून सातत्याने होत आली आहे. तिकोंडीपर्यंतचा ओढा आहेच, उताराची वाट आहे, आणि बांधकामाचा खर्च विस्तारित योजनेच्या तुलनेत किरकोळ. अर्थात त्यांचीही ती उपसा योजना आहे, तिकडची वीज फुकट नाही, तेव्हा करारात विजेचा वाटा ठरवावा लागेल. पण अडचण पाइपलाइनची नाही. दोन मुख्यमंत्र्यांनी समोरासमोर बसून सही करण्याची आहे, आणि सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात असताना पाण्यापुरता वेगळा कागद करायला दोन्हीकडचे पुढारी कचरतात. विस्तारित म्हैसाळचे काम पूर्ण होईपर्यंतचे उन्हाळे पूर्व जतला काढायचे आहेत, आणि त्या उन्हाळ्यांसाठी हा करार आजच्या आज करता येण्यासारखा आहे.